आमच्या गावचं कमी भरलेलं ऊन

ऊन मोजायचं काम मला मिळालं ते माझ्या तोंडाळपणामुळे. शिक्षणामुळे मिळालं असं म्हणायलाही हरकत नाही, कारण मी सातवी पास होते. पण सातवी पास झालेली बाई दाराआड गप्प उभी राहिली तर तिला कोण विचारतो?

माझं सासर पेण तालुक्यातलं, अगदी खाडीला लागून. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. गावाच्या तीन बाजूंना मिठागरं आणि चौथ्या बाजूला धरमतरची खाडी. माहेर चौलकडचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. तिथे रहाट फिरला की गोडं पाणी पाटातून धावायचं आणि आम्ही मुली त्यात पाय सोडून बसायचो. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं की इथे मीठ पायलीनं आणि पाणी पळीनं. विहीर होती, पाणी आरशासारखं होतं, तळातला खडा दिसायचा. पण जिभेवर घ्याल तर मचूळ. अंघोळी, धुणी, भांडी सगळं त्या पाण्यात. प्यायचं पाणी कोसभर आतल्या गावातून डोक्यावरून यायचं आणि ते सासूच्या रांजणात जायचं. रांजणावर झाकण, झाकणावर करवंटीचा डाव, आणि डावावर सासूचा डोळा.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. दिवाळीच्या आधी एक सरकारी साहेब जीपमधून आले. चष्मा, खाकी टोपी, बूट चिखलानं भरलेले. त्यांनी देवळापुढे सगळ्यांना जमवून सांगितलं की उन्हाच्या शक्तीवर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायची योजना आहे. उथळ काळे हौद बांधायचे, वर तिरपी काच. आत खारं पाणी तापणार, वाफ काचेला लागणार, थेंब होऊन पन्हळीतून खाली येणार.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं विचारलंसुद्धा, "सायेब, मीठ कुठं जानार मंग?"

मी देवळाच्या खांबाआड बायकांत उभी होते. मला राहवेना. "अगो, भाताच्या तोपावरचं झाकण उचललं की खाली थेंब लोंबतात ना, तेच!" मी बायकांना म्हटलं. हळूच म्हणायचं होतं, पण माझा आवाज हळू कधी निघालाय?

साहेबांनी वळून पाहिलं. "बरोबर. कोण बोललं हे?"

झालं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

पण योजनेत एक अट होती. हौद एकाच गावात होणार होते, आमच्या किंवा खाडीपलीकडच्या. जिथे ऊन जास्त, तिथे. म्हणून दोन्हीकडे उन्हाचं माप घ्यायचं, आणि त्यासाठी रोज न चुकता लिहिणारं माणूस हवं. पलीकडे शाळेचे मास्तर होते. आमच्या गावानं पंचांचा भाचा पुढे केला. साहेबांनी त्याला तासाचा दहावा भाग म्हणजे किती मिनिटं ते विचारलं. भाचा आकाशाकडे बघायला लागला. मी खांबाआडून म्हटलं, "सहा!" अशी मी सरकारी ऊनवाली झाले.

यंत्र म्हणाल तर काचेचा एक भरीव गोळा, कवठाएवढा, पितळेच्या वाकड्या वाटीत बसवलेला. वाटीत निळसर जाड कागदाची पट्टी सरकवायची. ऊन गोळ्यातून गेलं की एका बिंदूत एकवटतं आणि पट्टी जाळत जातं. सूर्य सरकतो तशी काळी रेघ सरकते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी पट्टी काढायची, जळलेली रेघ मोजायची, वहीत तास लिहायचे, दुसऱ्या दिवसाची पट्टी घालायची. बांधावर छातीएवढा चौथरा बांधून त्यावर ते ठेवलं होतं, कशाची सावली पडू नये म्हणून. गाव त्याला गोटा म्हणायचं.

सासरे बांधावरून जाता-येता थांबायचे. जन्म मिठागरात गेलेला, पायांची कातडी मिठानं चामड्यासारखी झालेली. "ऊन काय मापात येतं व्हय?" म्हणायचे. "आमी बघ, वाफ्यात पाय घातला की सांगतो किती तापलंय ते."

"तुमचा पाय साहेबाला पोस्टानं पाठवता येईल का?" मी म्हणायचे.

ते हसायचे. सासू मात्र नाही हसायची. तिला हे काम म्हणजे घरातलं टाळायचं सोंग वाटायचं. "आमची सून ऊन राखते," असं पाणवठ्यावर सांगायची, "जसं काय कुनी चोरून नेनार हाय."

साहेबांनी एक छापील कागद दिला होता. त्यात लिहिलेलं की गोळा रोज सकाळी सूर्य वर येण्याआधी ओल्या मऊ फडक्यानं पुसावा. मी एक दिवस चुकवला नाही. कार्तिकातल्या गारठ्यात, तान्ह्या मुलीला सासूजवळ टाकून, पोहऱ्यात विहिरीचं पाणी घेऊन बांधावर जायचे. माझ्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बुडवून गोळा असा पुसायचे की काय सांगू! माहेरी देव्हाऱ्यातले देवसुद्धा मी इतक्या मनापासून पुसले नव्हते. मग वाऱ्यावर वाळायचा आणि मी घरी यायचे. वही बघाल तर मोती. एक खाडाखोड नाही. मला फार गर्व होता त्या वहीचा, खोटं कशाला बोलू.

आणि गावाची सगळी भिस्त त्या वहीवर होती. पाण्याला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून चौथऱ्याशी यायच्या, डोक्यावर तीन-तीन हंडे, आणि विचारायच्या, "काय गो, आज किती भरलं?" नऊ तास म्हटलं की खूश. पोटुशी असलेली एक शेजारीण होती, तिला त्या वर्षी वाटेतच चक्कर येऊन हंडा फुटला होता. ती तर रोज विचारायची. मी तिला दहावा हिस्सासुद्धा सांगायचे.

माघात साहेबांचं पत्र आलं. मी ते देवळापुढे मोठ्यानं वाचायला घेतलं आणि निम्म्यात थांबून तीच ओळ पुन्हा वाचली. तीन महिन्यांच्या मापात पलीकडच्या गावचं ऊन रोज तासाभरानं जास्त भरलं होतं. फरक असाच राहिला तर हौद तिकडे बांधायचा विचार होता. साहेब पंधरा दिवसांनी येऊन काय ते नक्की करणार होते.

"तासभर?" सासरे उठून उभे राहिले. "तो गाव हा काय, खाडीच्या पल्याड! सूर्य काय त्यांचा जावई हाय, तिकडं तासभर जास्त बसायला? आवंदा आमचं मीठ त्यांच्या आधी आठ दिवस उतरलं. मीठ खोटं बोलत न्हाय."

म्हणजे खोटं कोण बोलतंय? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी सगळ्या गावासमोर म्हणाले, "तो मास्तर उदबत्तीनं पट्टी जाळत असणार! सकाळचा एक तुकडा, संध्याकाळचा एक तुकडा. झाला तास!"

गावाला हे एकदम पटलं. कुणीतरी मास्तराच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. सासूनं पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. "जा," म्हणाली, "पकड त्याला. पोरीला मी बगते."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला नवऱ्याला होडी वल्हवायला लावून मी पलीकडे गेले. नवरा वाटभर एकच वाक्य म्हणत होता, "हात नको उगारूस हां." शाळेमागच्या टेकाडावर त्यांचा चौथरा होता. आम्ही एका माडाआड उभे राहिलो, चोर पकडायला आलेल्या शिपायांसारखे.

मास्तर आले. अंगानं वाळकी काडी, कानाला मफलर. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पंच्याचा तुकडा. उदबत्ती नाही. काडेपेटीसुद्धा नाही. त्यांनी गोळा पुसला, पट्टी नीट आहे का पाहिली आणि गोळ्याला हलकेच नमस्कार करून बाकावर बसले. सूर्य आला. थोड्याच वेळात पट्टीवर धुराची बारीक रेघ उठली. आमच्याकडे पट्टी जळायला लागायची ती याच्यानंतर केव्हातरी, मी स्वयंपाकाला लागल्यावर. मी माडाआडून बाहेर आले, नमस्कार-चमत्कार काही न करता थेट चौथऱ्याशी गेले आणि गोळ्यात डोकावले. आरपार सगळं स्वच्छ. पाण्याचा थेंब हातात धरावा तसा.

"तुम्ही कशानं पुसता हो?" मी विचारलं.

मास्तर दचकले. "तळ्यातल्या पाण्यानं. का?"

त्यांच्या गावाला एक लहान तळं होतं. फाल्गुनात आटायचं, पण तोवर गोडं पाणी. मी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. मास्तर आणि नवरा दोघेही माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी एक शब्द बोलले नाही. नवरा नंतर म्हणायचा की लग्नानंतर मी इतकी गप्प त्याच दिवशी होते.

परत आल्यावर घरी न जाता बांधावर गेले. ऊन चढलं होतं. माझा गोळा लांबून चमकत होता. जवळून पाहिलं तर त्यावर धुकट साय होती, इतकी पातळ की रोज बघणाऱ्याला दिसू नये. मी बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं.

मीठ!

रोज सकाळी मीच ते लावत होते. विहिरीचं मचूळ पाणी वाऱ्यावर वाळायचं आणि मीठ काचेवर राहायचं. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन त्या सायीतून पट्टी जाळू शकत नव्हतं. आयुष्यभर ज्या गावानं पाणी वाळवून मीठ केलं, त्या गावच्या सुनेला हे कळू नये? पण गोड्या पाण्यानं काच पुसायची हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी चौथऱ्याला टेकून खाली बसले आणि मला रडू कोसळलं. गावाचं पाणी माझ्या हातून जाणार होतं, आणि वर एका भल्या माणसाला मी चोर ठरवलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "गप्प राह्य. उद्यापासून गोड्या पाण्यानं पूस. आकडा आपसूक वर जाईल, कुनाला कळनार हाय?"

"साहेब विचारणार नाहीत, एकाएकी तासभर ऊन कुठून उगवलं ते? मग मी काय सांगू? आणि मागची तीन महिने चुकलेली वही तशीच राहणार?" मी म्हटलं. "मी सांगणार. मला हाकललं तर हाकललं."

आता गोड्या पाण्याचा प्रश्न. मी रांजणापाशी जाऊन उभी राहिले. सासूनं डाव मागे लपवला.

"गोट्याला गोडं पानी?" ती म्हणाली. "गावदेवीला आमी विहिरीच्या पान्यानं आंघोळ घालतो, ती कदी तोंड वाकडं करत न्हाय. आनि तुजा गोटा मोटा लाटसाहेब?"

"आय, एक पळी. रोज एकच."

"पळीनं पानी जमतं, पळीनंच संपतं."

मला राग आला, पण तिचंही खरंच होतं. तीस वर्षं ती ते पाणी डोक्यावरून आणत होती. टाळूवर हंड्याच्या चुंबळीनं केस राहिले नव्हते. मी माझ्या वाटणीचा सकाळचा पेला तिच्यापुढे धरला. "यातलं काढ. मी अर्धा पिईन."

तिनं पेला माझ्या हातातून घेतला. मग पेला तिनं खाली ठेवला, रांजणात डाव घातला आणि वाटीत बरोबर एक पळी पाणी ओतलं. "आनि फडकं तिकडं पिळू नको," म्हणाली, "तुळशीत आनून पीळ."

पंधरवड्यानं साहेब आले. सगळा गाव चौथऱ्याभोवती जमला. मी गोळ्याचा अर्धा भाग मुद्दाम विहिरीच्या पाण्यानं पुसून ठेवला होता, अर्धा गोड्या पाण्यानं. मी म्हटलं, "साहेब, इथे बोट फिरवा आणि चाखा."

"काय?"

"चाखा हो. विष नाही."

साहेबांनी गावाकडे पाहिलं, बोट फिरवलं, चाखलं. भुवया चष्म्याच्या वर गेल्या. मग मी सगळं सांगितलं, न थांबता, एका दमात. मास्तरांवर घेतलेला आळसुद्धा. माझी मोत्यांची वही पुढे केली आणि म्हटलं, "यातलं अक्षर तेवढं खरं आहे, बाकी सगळं बाद करा."

ते बराच वेळ वही चाळत राहिले. चिडले होते, हे दिसत होतं. "बाई, तीन महिने फुकट गेले," ते म्हणाले. "दोन्ही गावांचे." मग पुन्हा एकदा गोळ्याला बोट लावून चाखलं. सासरे मागून म्हणाले, "सायेब, जेवायला चला, तिकडं पुन्यांदा मीठ मिळंल." सगळे हसले. साहेबही हसले. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ठरलं असं की वैशाखापर्यंत दोन्हीकडे पुन्हा मोजायचं, आणि दोन्हीकडे गोड्या पाण्यानंच पुसायचं.

मास्तरांची माफी मागायला मी स्वतः गेले. उदबत्तीचं ऐकून ते इतके हसले की मफलर सुटला. "अहो, हे मला सुचलंच नाही!" म्हणाले.

तेवढ्या महिन्यांत आमच्या घरापुरती ती पळी राहिली नाही. गावातल्या बायकांनी पाळी लावली. आज हिच्या घरचं, उद्या तिच्या घरचं. एकीनं तर पळीऐवजी वाटीभर आणलं, म्हणाली, "नीट पूस गो, कंजूषपना नको." आकडे चढले. वैशाखाअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर फरक कधी त्यांच्या बाजूनं, कधी आमच्या, आणि तोही पाच-दहा मिनिटांचा. एका खाडीवर दोन उन्हं कुठून असणार! तेव्हा साहेबांनी उन्हाचा निकष सोडला आणि गोडं पाणी ज्या गावाला जास्त लांब, त्या गावचं नाव लिहिलं. तळं होतं ते पलीकडे. मास्तरांनी त्या कागदावर काही कुरकुर न करता सही केली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात हौद झाले. देवळामागे चार, काळ्या तळाचे, वर तिरप्या काचा. काचा पुसायचं काम अर्थातच माझं. पहिल्या दिवशी सूर्य कलला तेव्हा पन्हळीखालच्या कळशीत निम्म्यापर्यंत पाणी आलं होतं. सगळा गाव वाकून वाकून त्या कळशीत बघत होता. पहिलं कुणी प्यायचं यावर वाद झाला आणि शेवटी सगळ्यात जास्त वर्षं हंडे वाहिलेल्या माझ्या सासूला पुढे केलं. मी पेला भरून तिच्या हातात दिला.

तिनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"अळनी हाय गो," ती म्हणाली. "चवच न्हाय."

साहेबांचा चेहरा पडला. ते सांगायला लागले की वाफेच्या पाण्याला चव नसतेच. पण त्यांचं ऐकतंय कोण? सासू सरळ शेजारच्या मिठाच्या राशीकडे गेली, चिमटीत दोन कण घेतले आणि पेल्यात टाकले. ज्या मिठातून सुटायला आम्ही वर्षभर धडपडलो, ते हिनं हातानं परत घातलं! साहेबांनी डोक्याला हात लावला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

ती मात्र हसत नव्हती. डोळे मिटून, मान वर करून तिनं सगळा पेला रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आनखी घाल," म्हणाली.

त्या घरात येऊन मला सहा वर्षं झाली होती. पाण्याचा दुसरा पेला मागितलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी तो इतक्या घाईनं भरला की अर्धं पाणी तिच्या पायावर सांडलं, आणि ती मला काही बोलली नाही.